वरून पडलं

१२ जुलै

ही वही डॉक्टर सानोगोने दिली. राजधानी बामाकोहून आलाय, पांढरी गाडी घेऊन. म्हणाला, “बाबा, पाला कधी तोडला, किती वाळवला, किती उकळला, ते यात लिहीत जा.” मी मान डोलावली. पाला कसा उकळायचा ते मला माझ्या बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. कुणी वही घेऊन बसलं नव्हतं. मिशनच्या शाळेत माझ्या चार यत्ता झाल्यात, अक्षर बरं आहे. या वहीत मला हवं ते मी लिहिणार.

तर पहिली गोष्ट, मला राग आलाय. फाजिगी केइताच्या काढ्याची परीक्षा घेणार म्हणे! पिवळ्या धोत्र्याच्या पाल्याने या गावाचा हिवताप मी काढत होतो, तेव्हा हा डॉक्टर आईच्या पाठीवर बांधलेला असेल. आणि विचारतो काय, तर “बाबा, हे विषारी नाही ना?” अरे, विषारी बी असतं. बोंड धरायच्या आधीच पाला तोडायचा असतो. बी पोटात गेलं की पाय सुजतात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही केस काय उन्हात पांढरे केले?

एक मात्र त्याचं खरं. पावसात रस्ता तुटतो, गोळ्या येत नाहीत, आणि हिवताप नेमका तेव्हाच येतो. काढा चालतो असं ठरलं तर पुड्या बांधून गावोगाव पाठवणार आहेत. माझ्या बापाचा काढा गावोगाव. म्हणून मी हो म्हटलं. राग आहे तो आहेच.

२२ जुलै, बाजाराचा दिवस

परीक्षेची रीत अशी. ज्याला ताप येईल त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा. हिवतापच आहे असं दिसलं की सात दिवस माझा काढा. उतरला नाही तर गोळ्या. महिन्याने इद्रिसा नावाचा माणूस घरोघर जाऊन विचारणार, कसं आहे, पुन्हा ताप आला का, काही जास्त झालं का. हा इद्रिसा तिंबुक्तूकडचा. आमची भाषा बोलतो, पण खडे चावत बोलल्यासारखी.

थेंब घ्यायला ओढ्यापलीकडच्या दवाखान्यातली नर्स येते, दर बाजाराच्या दिवशी. नान्युमा कुलिबाली. ती कुलिबाली, मी केइता. म्हणजे आमचं पिढीजात थट्टेचं नातं. तिने मला वाट्टेल ते बोलावं, मी तिला वाट्टेल ते बोलावं, आणि कुणी कुणावर रागवायचं नाही. ती मला गुलाम म्हणणार, मी तिच्या कुळाला चवळीखाऊ. रागवला तो कुळाला बट्टा. हे ज्याने ठरवलं त्याला माझ्यासारखा स्वभाव नसणार.

आज आली ती ओरडतच. “काय रे गुलामा, मालकीण आली तरी बसून राहिलास? ऊठ, खाट दे!”

“चवळी खाऊन फुगलेल्यांना खाट पुरत नाही. जमिनीवर बस.”

“पाला उकळून उकळून तुझं तोंडही कडू झालंय, म्हाताऱ्या.”

सगळं अंगण हसलं. मलाही हसावं लागलं.

५ ऑगस्ट

काढा लागू पडतोय! तापाने फणफणलेली माणसं तिसऱ्या दिवशी शेतात कोळपायला गेली. नान्युमा तिच्या मोठं दाखवणाऱ्या काचेत थेंब बघून म्हणाली, “मोठ्यांचं बरं दिसतंय रे. लहान पोरांचं मला अजून सांगता येत नाही. अंगातला ताप उतरतो, पण थेंबात शिल्लक दिसतं.” मी म्हटलं, तुझ्या काचेत काल खाल्लेली चवळी दिसत असेल. ताप उतरला म्हणजे हिवताप गेला. अजून काय पाहिजे?

९ ऑगस्ट

शेजारच्या बुरामाचा सेरिबा गेला. दोन वर्षांचं पोर. गेल्या पंधरवड्यात माझा काढा पिऊन चांगलं खेळायला लागलं होतं. हिवतापाने नाही गेलं. वरचं होतं.

त्याचं नाव इथे लिहायला हरकत नसावी, कागदाला कान नसतात. पाखरू. पावसाळ्यात ते घरावरून उडत जातं, खाली पोराला बघतं, आणि पोर ताठ होतं, डोळे वर जातात, हात पंखांसारखे हापटायला लागतात. पोरांसमोर त्याचं नाव घ्यायचं नाही, नाव ऐकलं की ते येतं. ‘वरचं’ म्हणायचं, नाहीतर ‘वरून पडलं’. आणि पाखरू लागलेल्या पोराला सुई म्हणून टोचायची नाही. सुई टोचली की पाखरू घाबरतं आणि जीव चोचीत धरून उडतं. धुरी द्यायची, पाल्याच्या पाण्याने अंघोळ घालायची. राहिलं तर राहिलं.

त्याची आई वोरोकिया मूर्ख. पोर ताठ झाल्याबरोबर पाठीला बांधून दवाखान्याच्या वाटेला लागली, भर दुपारी, उघड्या आभाळाखाली. मी धावत जाऊन ओढ्यापाशी गाठली. म्हटलं, “पोराला मारायला नेतेस? तिथे गेल्या गेल्या सुई टोचतील.” ती म्हणते, “बाबा, माझा जीव सांगतोय, जाऊ द्या.” मी हाताला धरून परत आणली. धुरी दिली. संध्याकाळच्या आत संपलं. बुरामाला मी सांगितलं, हिने उघड्यावर काढलं, तिथे त्याने पुन्हा पाहिलं, नाहीतर माझ्या धुरीने राहिलं असतं.

बायकांना कुणी सांगायचं! पोर गेलं ते गेलं, वर रडणं माझ्या भिंतीपलीकडे.

१७ ऑगस्ट

दुगूकोरोच्या घरची मुलगीही गेली. वरचंच. यंदा फार झालंय. नान्युमाला कुणी कळवलं नाही, कळवलं की ती सुई घेऊन धावत येते.

बुरामा वोरोकियाच्या हातचं जेवत नाही. भावाच्या घरी जाऊन जेवतो. बरोबर आहे त्याचं.

५ सप्टेंबर

आज इद्रिसा आला. मी मुद्दाम बरोबर हिंडलो, माझ्या काढ्याबद्दल कोण काय बोलतं ते ऐकायला. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. एका म्हातारीने तर मला दुवा देताना इद्रिसाच्या डोक्यावर हात ठेवला.

बुरामाच्या अंगणात वोरोकिया भरड कुटत होती. इद्रिसाने विचारलं, “तुमचा सेरिबा काढा प्यायला होता. कसा आहे?”

ती म्हणाली, “नाही तो.”

“हिवतापाने?”

“नाही. वरून पडलं.”

“अरेरे,” इद्रिसा म्हणाला, “एवढ्या लहान पोराला छपरावर चढू कसं दिलंत?”

वोरोकियाने मुसळ थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाकडे बघणार? तिची धाकटी तिथेच धुळीत बसली होती, तिच्यासमोर ते नाव कोण घेणार? मीही घेतलं नाही. इद्रिसाने लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेला. दुगूकोरोच्या आणि नुकताच नातू गेलेल्या लोहाराच्या घरीही तेच, “वरून पडलं.” बाहेर आल्यावर मला म्हणतो, “बाबा, तुमच्या गावात छपरांना कठडे नाहीत का?”

उंटावरचा शहाणा. उंटाच्या मुलखातलाच आहे, म्हणून त्याला शोभतं. रागाने माझं तोंड कडू झालं, पण मी म्हटलं, जाऊ दे. आपल्या काढ्याशी त्याचा काय संबंध?

९ सप्टेंबर

माझ्या नातीला, सिराला, ताप. थेंब घेतला, हिवतापच. काढा सुरू केला. तीन वर्षांची आहे, पण बाईसारखी नाक मुरडते. सून तेनिन मध घालून पाजते. मुलगा सोन्याच्या खाणीवर गेलाय, तोवर पोर माझ्याच भरवशावर आहे.

१४ सप्टेंबर

सिराचा ताप उतरला. कोंबडीच्या मागे धावली. डॉक्टर सानोगोचा निरोप आला, महिनाअखेर राजधानीतून साहेब लोक येणार, सगळ्या गावासमोर निकाल सांगणार. आतापासूनच म्हणतोय, एकाही पोराला जोराचा हिवताप झाला नाही, एकाही नाही. मी नवा झगा शिवायला टाकला.

१६ सप्टेंबर, बाजाराचा दिवस

अक्षर वाकडं येतंय. तरी लिहिणार.

दुपारी सिरा ताठ झाली. डोळे वर. हात हापटत होते. मी तेनिनला म्हटलं, दार लाव, ओरडू नकोस, नाव घेऊ नकोस. निखारे केले, धुरीचा पाला काढला. तेवढ्यात दारावर लाथ बसली. नान्युमा थेंब घ्यायला आली होती. तेनिनची किंकाळी तिने रस्त्यावरून ऐकली होती.

आत आली, एकदा पाहिलं, आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “अरे गुलामा! मालकिणीची वस्तू धुरात काळी करतोस? केइतांकडचं जे आवडेल ते उचलायचा आमचा हक्क आहे. मला ही पोर आवडली. चालले मी घेऊन.”

मी काठी घेऊन दारात उभा राहिलो. म्हटलं, “नान्युमा, थट्टा नाही ही. सुई टोचलीस तर पोर मरेल.”

“मला थट्टेशिवाय तुझ्याशी बोलताच येत नाही, म्हाताऱ्या. मार ना. मार! उद्या सगळ्या बाजारात सांगते, केइताने कुलिबालीवर हात उचलला. तुझ्या बापाच्या कबरीवर लोक चवळीची टरफलं टाकतील.”

माझी काठी वर गेली होती. ती तिथेच राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हात खाली येईना. आयुष्यात कधी कुणाचं ऐकलं नाही मी, आणि एका बाईने मला शिव्या देऊन दारातून बाजूला सारलं. तिने सिराला तेनिनच्या पाठीला बांधलं, तेनिनला मोपेडवर मागे बसवलं आणि गेली. मी मागून ओरडत राहिलो. तोंडातून काय निघालं, तर “चवळीखाऊ! चवळीखाऊ!” दुसरी शिवीच आठवेना.

मग घरात येऊन मी कफनाचं पांढरं कापड काढून ठेवलं.

१७ सप्टेंबर

कापड काखेत घेऊन ओढा ओलांडला. दवाखान्याच्या ओट्यावर तेनिन बसली होती, आणि तिच्या मांडीवर सिरा पेज खात होती. मला बघून म्हणाली, “बाबा, मला टोचलं.” आणि हाताला चिकटवलेली पट्टी दाखवली, फुशारकीने.

मी तिथेच भिंतीला टेकलो. नान्युमा बाहेर आली. आज तिने मला गुलाम म्हटलं नाही. “तिचा थेंब बघितला,” म्हणाली. “हिवतापाने गच्च भरलाय. तू ज्याला वरचं म्हणतोस ना, ते हेच. काढ्याने अंग थंड झालं, तुम्हाला वाटलं गेला. लहान पोरांत तो जात नाही, डोक्यात चढतो.”

मी म्हटलं, “पाखरू वेगळं, हिवताप वेगळा. माझ्या बापाने...”

“तुझ्या बापाकडे काच नव्हती.”

राग आला, पण काढू कुणावर? तिच्यावर रागवता येत नाही. बापावर कसा रागवू? पण पोर पेज खात होती. सुई टोचली होती आणि पोर पेज खात होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्याचं काय करू?

२२ सप्टेंबर

झोप नाही, भूक नाही. सगळ्यांवर चिडतोय. तेनिन पुढ्यात ताट ठेवते आणि पळते.

वरच्याने गेलेली यंदाची पोरं एकेक करून आठवली. सेरिबा माझा काढा प्यायला होता. दुगूकोरोची मुलगी प्यायली होती. लोहाराचा नातू प्यायला होता. सगळ्यांचा ताप मी उतरवला होता. सगळ्यांच्या आयांनी इद्रिसाला सांगितलंय, वरून पडलं. आणि आता साहेब येणार, पुड्या बांधणार, आणि तान्ह्या पोरांपासून सगळ्यांना पाजायला सांगणार.

या तिघांचं नान्युमाला सांगितलं तर ती डॉक्टरला सांगेल. काम होईल. माझं नावही राहील. पण ती त्या आयांना विचारायला गेली तर एकही बाई तिच्याकडे तोंड उघडणार नाही. सुईवाली आहे ती. माझ्याकडे उघडतील, मीच गप्प राहायला शिकवलंय त्यांना.

नवा झगा शिवून आला. बघितलाही नाही.

३० सप्टेंबर

आज सभा झाली. मोठ्या चिंचेखाली सगळं गाव. साहेब लोक खुर्च्यांवर. बायका लेकरं घेऊन पुढे बसल्या होत्या, कारण लेकरांना साखर वाटणार होते. डॉक्टर सानोगो उभा राहिला. चांगला बोलतो. म्हणाला, फाजिगीबाबांचा काढा प्यालेल्या पोरांत एकट्या सिराला जोराचा हिवताप झाला, तीही बरी झाली, बाकी एकाही पोराला नाही. तीन पोरं गेली, पण ती छपरावरून पडून, त्याचा औषधाशी संबंध नाही. पुढच्या पावसाळ्यात लहानमोठ्या सगळ्यांसाठी पुड्या देऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो मला म्हणाला, “बाबा, दोन शब्द बोला.”

मी उठलो. म्हटलं, “ती पोरं छपरावरून पडली नाहीत.”

“मग?”

पुढे सगळी लेकरं बसलेली. त्यांच्यासमोर तो शब्द घ्यायचा नसतो. मग मला राग आला. त्या इद्रिसाचा आला, डॉक्टरचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या शब्दाचाच आला. मी मोठ्याने ओरडलो, “पाखरू! पाखरू लागलं त्यांना!”

एकदम कल्लोळ झाला. बायकांनी लेकरांच्या कानांवर हात ठेवले, काही उठून पळाल्या. गावचा प्रमुख म्हणाला, “फाजिगी, तुझं डोकं फिरलंय, बस खाली!” मी म्हटलं, “बसत नाही. पाखरू म्हणजे हिवतापच. माझ्या काढ्याने लहान पोरांचा जात नाही, लपतो. मोठ्यांना द्या, खुशाल द्या. लहानांना नको. पोर ताठ झालं तर सुई टोचा, सुईने मरत नाही. माझी सिरा बघा, जिवंत आहे.” एक साहेब दुसऱ्याच्या कानाशी लागला. इद्रिसा आपल्या चपलांकडे बघत होता. डॉक्टरचं तोंड राखेसारखं झालं. “बाबा,” तो म्हणाला, “हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुझ्या इद्रिसाने विचारलं, हिवतापाने गेलं का. आम्ही खरं सांगितलं, नाही म्हणून.”

तेवढ्यात वोरोकिया उठली. धाकटीला कडेवर घेऊन गर्दीतून सरळ माझ्यापुढे आली. मला वाटलं, आता थोबाडीत देणार. मी तोंड पुढे केलं.

ती हळूच म्हणाली, “मी निघाले होते ना बाबा?”

“निघाली होतीस.”

“ओढ्यापाशी पोचले होते.”

“होय. मी परत आणली.”

“पलीकडे गेले असते तर?”

सगळं गाव ऐकत होतं. मी म्हटलं, “राहिला असता.”

तिने धाकटीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. रडली नाही. म्हणाली, “मग हे घरी येऊन त्यांना सांगा. ते म्हणतात, मी उघड्यावर नेलं म्हणून तो गेला.”

बुरामा सभेला आला नव्हता. कुठल्याच घोळक्यात येत नाही हल्ली. मी साहेबांना तसेच सोडून तिच्या मागून गेलो. मागून डॉक्टर हाका मारत होता.  

बुरामा अंगणात दावं वळत बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं. काढा माझा. अडवलं मी. उघड्या आभाळाचा काही संबंध नव्हता, ते मी माझी धुरी झाकायला बोललो होतो. तुझी बायको बरोबर निघाली होती. तिला जाऊ दिलं असतं तर तुझं पोर आज इथे खेळत असतं.

मी त्याच्या मुठीची वाट बघत होतो. त्याने दावं खाली ठेवलं.  मग विचारलं, “फाजिगीबाबा, या दोन महिन्यांत मी हिला जे जे बोललो, त्याचं आता काय करू?”

 वोरोकियाने चूल पेटवली, भाकरीचं पीठ काढलं, आणि इतके दिवस न लागलेलं बुरामाचं ताट धुऊन निथळायला पालथं घातलं.